नव्या नर्सिंग ट्यूटरसाठी: हाताला येतं ते तोंडी कसं आणायचं

पाच वर्षं आयसीयूत काढून मी शिकवायला आले तेव्हा वाटलं होतं, आता काय, उभं राहून बोलायचं काम. पहिलाच डेमो बीपीचा. समोर पहिल्या सेमिस्टरची चाळीस पोरं, टेबलावर डायलचं बीपी यंत्र. मी कफ, म्हणजे दंडाचा पट्टा, बांधला, स्टेथो लावला आणि बल्ब दाबायला घेतला. मागून एका मुलीने विचारलं, "मॅम, किती फुगवायचं?" मी म्हणाले, "अंदाजाने." आणि चाळीस वह्यांत एकदमच 'अंदाजाने' असं लिहिलं गेलं.

उत्तर मला येत नव्हतं असं नाही. ते माझ्या हाताला येत होतं. मनगटाच्या नाडीवर बोटं ठेवायची, कफ फुगवत जायचा, नाडी लागेनाशी झाली की तो आकडा लक्षात ठेवून सगळी हवा सोडायची. थोडं थांबायचं. मग स्टेथो लावून त्या आकड्याच्या ३० वर फुगवायचं आणि सेकंदाला २ ते ३ मिलिमीटर अशा वेगाने हवा सोडत ऐकायचं. पहिला ठोका वरचं बीपी, ठोके ऐकू यायचे थांबले की खालचं. रोज पन्नास पेशंटचं बीपी घेऊन घेऊन यातल्या निम्म्या पायऱ्या हाताने गिळून टाकल्या होत्या, आणि नाडी का बघायची हे तर मी विसरूनच गेले होते. काही पेशंटमध्ये ठोके मध्येच गायब होतात आणि खाली पुन्हा सुरू होतात. कमी फुगवलं तर आपण त्या खालच्या ठोक्यालाच पहिला समजतो, आणि १८० चं बीपी १४० म्हणून चार्टवर जातं.

वॉर्डातून शिकवायला येणाऱ्या प्रत्येकाचं घोडं इथेच अडतं. ज्यांच्या हातात नुकतीच ट्यूटरची ऑर्डर पडली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पायरी १: रुजू होण्याआधी कागद बघा

कोण काय बघतं हे आधी नीट समजून घ्या, कारण पहिल्या महिन्यात ऑफिसमधली प्रत्येक फाइल वेगळ्याच नावाने येते. अभ्यासक्रम आणि शिक्षकांची पात्रता भारतीय परिचर्या परिषद ठरवते. आपली नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे. बी.एस्सी. आणि एम.एस्सी.च्या परीक्षा नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं. जीएनएम आणि एएनएम या नर्सिंगच्या पदवीखालच्या अभ्यासक्रमांच्या परीक्षा राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. २०२३ मध्ये संसदेने नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा नवा कायदा केला आहे, तो १९४७ च्या परिषदेच्या कायद्याची जागा घेण्यासाठी आहे. त्यामुळे 'परिषद' हा शब्द पुढे बदललेला दिसला तर गोंधळू नका.

बी.एस्सी.च्या वर्गांवर ट्यूटर व्हायला बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक (जीएनएमनंतर करायची बी.एस्सी.) आणि वर्षभराचा अनुभव लागतो, एम.एस्सी. असेल तर प्राधान्य. त्यापुढच्या पदांना एम.एस्सी.शिवाय दार उघडत नाही.

दोन गोष्टी स्पष्टच सांगते. मूळ सर्टिफिकेटं कुणाच्याही कपाटात ठेवायला देऊ नका. पडताळणीला दाखवा, साक्षांकित झेरॉक्स द्या, मूळ कागद घेऊन घरी या. आणि "फक्त इन्स्पेक्शनच्या दिवशी या, नाव आमच्याकडे राहू दे" असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. त्या कागदी वर्षांचा अनुभव पुढे मुलाखतीत तुम्हालाच निस्तरावा लागतो.

पायरी २: पहिला आठवडा वर्गात नाही, वॉर्डात

टाइमटेबल हातात पडायच्या आधी ज्या वॉर्डात तुमच्या विद्यार्थ्यांची पोस्टिंग आहे तिथे सकाळच्या ओव्हरला, म्हणजे एक ड्यूटी दुसरीला पेशंट सोपवते तेव्हा, हजर राहा. मागे उभं राहून ऐका. इन्चार्ज सिस्टरला भेटा, आणि "मी कॉलेजची मॅडम" म्हणून नाही, "मी इथे शिकायला येतेय" म्हणून. तिने मनावर घेतलं तर तुमच्या मुलींना ड्रेसिंग मिळेल, कॅथेटर (लघवीची नळी) मिळेल, डिस्चार्जचं समजावणं मिळेल. नाहीतर दिवसभर बीपी, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) आणि बेड मेकिंग. वॉर्डातल्या मदतनीस मामा आणि मावशींचीही ओळख करून घ्या. ऑक्सिजनची चावी कुठे आहे आणि कोणत्या बेडखालची चाकं अडकतात, हे त्यांनाच माहीत असतं.

मग एक कागद तयार करा: या पंधरा दिवसांत माझ्या मुली काय करतील आणि काय करणार नाहीत. 'इन्सुलिन माझ्यासमोरच. रक्त चढवताना फक्त निरीक्षण.' असा साधा मजकूर नर्सिंग स्टेशनवर चिकटवा. यामुळे वॉर्डातल्या सिस्टर निर्धास्त होतात, आणि निर्धास्त सिस्टर जास्त शिकवते.

याच आठवड्यात आणखी एक काम. पोस्टिंगला जाणाऱ्या प्रत्येकाचं हिपॅटायटिस बी लसीचं कार्ड बघा. तीन डोस असतात: पहिला, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. "झालंय मॅम" हे तोंडी उत्तर घेऊ नका.

पायरी ३: डेमो चार वेळा, एकदा नाही

आपल्याकडे डेमो म्हणजे मॅडमने एकदा करून दाखवायचं, मग मुलांनी री-डेमो द्यायचा, असा रिवाज आहे. मधल्या दोन पायऱ्या गळतात. चार टप्प्यांची ही पद्धत पेटन यांच्या नावाने ओळखली जाते आणि मला ती सगळ्यात कामाची वाटली.

पहिल्यांदा नेहमीच्या वेगाने, एक शब्दही न बोलता करा. मुलांना अखंड कृती एकदा डोळ्यांनी दिसू द्या. दुसऱ्यांदा सावकाश, प्रत्येक हालचाल का करतोय ते सांगत. तिसऱ्यांदा विद्यार्थी सांगेल तसं तुम्ही करा. चौथ्यांदा विद्यार्थी सांगत सांगत स्वतः करेल.

खरी गंमत तिसऱ्या टप्प्यात आहे. विद्यार्थ्याने जे सांगितलं नाही ते करायचंच नाही. "कफ बांधा" म्हणाली तर बांधा, पण बाही वर करा असं तिने म्हटलं नसेल तर बाहीवरूनच बांधा. "इंजेक्शन द्या" म्हणाली आणि नाव विचारायला विसरली, तर तशीच सुई घेऊन मॅनिकिनकडे, म्हणजे सरावाच्या पुतळ्याकडे, निघा. वर्ग ओरडतो, "मॅम, नाव!" ते ओरडणं त्यांच्या डोक्यात राहतं. तुम्हालाही कळतं की दुसऱ्या टप्प्यात आपण काय सांगायचं विसरलो. माझ्या गिळलेल्या पायऱ्या मला पोरांनीच अशा परत काढून दिल्या.

चाळिसांपुढे हे जमत नाही. आठ-दहांचे गट करा. परिषदेचं प्रमाणही दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असंच आहे. ते प्रत्यक्षात किती पाळलं जातं ते तुम्ही बघालच. कमी पडलात तर वरच्या वर्षाच्या दोन चांगल्या विद्यार्थ्यांना बरोबर घ्या.

एक धडा मात्र प्रत्येक बॅचला टेबलावर खऱ्या वस्तू मांडून द्याच: इन्सुलिन. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिट प्रति मिलिलीटरचं असतं, त्याला लाल टोपीची ४० ची सिरिंज. पेनाच्या कार्ट्रिजमधलं १०० चं, आणि १०० च्या सिरिंजला केशरी टोपी. दोन्ही सिरिंज समोर ठेवा आणि पाण्याने भरायला लावा. ऑर्डर २० युनिट. ४० च्या बाटलीतून लाल सिरिंजने २० वर भरलं की अर्धा मिलिलीटर येतं, बरोबर. त्याच बाटलीतून केशरी सिरिंजने २० वर भरलं तर ०.२ मिलिलीटर, म्हणजे जेमतेम ८ युनिट. आता उलटं करा: १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजने २० वर भरा. अर्धा मिलिलीटर, म्हणजे ५० युनिट. इथे वर्ग गप्प होतो. फळ्यावर हेच गणित दहा वेळा करून जे होत नाही ते दोन टोप्या शेजारी ठेवल्यावर होतं.

सलाईनचंही तसंच. ५०० मिलिलीटर ४ तासांत, मिलिलीटरला २० थेंबांचा सेट: मिनिटाला साधारण ४२ थेंब. वर्गात हे उत्तर सगळ्यांना येतं. वॉर्डात घड्याळ हातात धरून १५ सेकंदांत दहा-अकरा थेंब मोजायला लावा, मग कळतं की कुणाच्या मनगटावर सेकंदकाट्याचं घड्याळच नाही.

पायरी ४: दोन भाषांच्या मधे उभं राहायला शिकवा

आपल्या बऱ्याच मुली जिल्हा परिषदेच्या शाळेतून येतात. बारावीपर्यंत मराठीत विचार केलेला, आणि इथे आल्यावर पेपर इंग्रजीत. त्या हुशार असतात, पण पहिल्या सहा महिन्यांत त्यांचा आवाज निघत नाही. "इंग्लिशमध्येच बोला" असा नियम मी पहिल्या वर्षी लावला होता. वर्ग एकदम शांत झाला आणि मला वाटलं शिस्त लागली!

आता मी असं करते. कल्पना मराठीत, संज्ञा इंग्रजीत, लिखाण इंग्रजीत. 'इडिमा' म्हणजे सूज, हे सांगून थांबू नका. नडगीवर अंगठा काही सेकंद दाबून धरा, काढा, खड्डा राहतो का बघा, मग 'पिटिंग' हा शब्द फळ्यावर लिहा. शब्द आधी आणि खड्डा नंतर असं केलं की पाठांतर सुरू होतं.

पण याहून मोठं काम उलट्या दिशेचं आहे, आणि ते कुठल्याच अभ्यासक्रमात धड लिहिलेलं नाही. पेशंट काय म्हणतो ते ओळखणं. आजी म्हणतात, "अंगावरून वारं गेलं", म्हणजे अर्धांगवायू. दुसरी बाई हळू आवाजात म्हणते, "अंगावरून जातंय", म्हणजे रक्तस्राव किंवा पांढरं. दोन शब्दांचा फरक, आणि एकीला न्यूरोची तपासणी तर दुसरीला गायनॅक. 'उन्हाळी लागली' म्हणजे लघवीला जळजळ. 'आकडी आली' म्हणजे फिट. 'जीव घाबरा होतोय' हे वाक्य साठीच्या, मधुमेहाच्या पेशंटने म्हटलं तर चार्टवर 'अँग्झायटी' लिहून पुढे जायचं नाही; नाडी, बीपी, ईसीजी, आणि डॉक्टरांना लगेच कळवायचं. मधुमेहात हार्ट अटॅक छातीत न दुखताही येऊ शकतो.

प्रत्येक पोस्टिंगला मुलींना वहीचं शेवटचं पान राखून ठेवायला सांगा: पेशंटचा शब्द एका बाजूला, चार्टवरचा शब्द दुसऱ्या बाजूला. शहरात वाढलेल्या मुलांना आणि केरळहून आलेल्या मुलींना हे पान सगळ्यात जास्त लागतं. विदर्भातल्या आणि कोकणातल्या मुलींची पानं शेजारी ठेवून वाचली तर तास कसा जातो कळत नाही.

पायरी ५: बेडपाशी

सकाळी वॉर्डात शिरायच्या आधी दहा मिनिटं बाहेर उभं राहून बोला. आज कोण कोणत्या पेशंटकडे, काय करणार, काय चुकू शकतं. दुपारी निघताना पंधरा मिनिटं: काय दिसलं, काय वाटलं, काय राहिलं. गर्दीच्या दिवशी हीच पंधरा मिनिटं आधी उडतात. ती उडू देऊ नका, हवं तर केस प्रेझेंटेशन पुढे ढकला.

विद्यार्थी प्रोसिजर करत असेल तेव्हा आधीच एक वाक्य ठरवून ठेवा. माझं आहे, "थांब, मला जरा बघू दे." ते ऐकलं की हात मागे, कारण न विचारता. पेशंटला वाटतं मॅडम बघतायत, मुलीला कळतं की काहीतरी चुकतंय, आणि कुणाची लाज निघत नाही.

हे वाक्य मला फुकट मिळालेलं नाही. पहिल्याच वर्षी एका मुलीने नाव न विचारता इंजेक्शनचा ट्रे बेडपाशी नेला, आणि मी तिला नातेवाइकांसमोर झाडली. चूक तिचीच होती, माझा मुद्दाही बरोबर होता. त्या पेशंटने त्यानंतर एकाही विद्यार्थ्याला हात लावू दिला नाही, ते एक. दुसरं दोन महिन्यांनी कळलं. त्याच मुलीला सकाळी सुई टोचली होती, वापरलेली, आणि तिने संध्याकाळपर्यंत कुणाला सांगितलं नाही. हॉस्टेलवर मैत्रिणीपाशी रडली, मैत्रिणीने मला फोन केला. "का नाही सांगितलंस?" म्हटल्यावर ती म्हणाली, "मॅम, तुम्ही ओरडला असता."

सुई टोचली तर साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं, पिळायचं नाही, लगेच सांगायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लवकरात लवकर, शक्यतो दोन तासांच्या आत सुरू करायची असतात, आणि ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग धरत नाहीत. त्या मुलीचं पुढे सगळं ठीक झालं. पण तिचे ते आठ-नऊ तास माझ्या ओरडण्याने गेले होते, हे मी स्वतःला अजून सांगत असते. आता प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी मी माझा फोन नंबर देते आणि म्हणते, टोचली तर आधी फोन, बाकी सगळं नंतर.

तेव्हाच सुईची शिस्तही: दोन्ही हातांनी टोपी परत लावायची नाही. सुई हब कटरमध्ये (सुई कापून टाकणारं यंत्र), तिथून पांढऱ्या, आरपार छेद न जाणाऱ्या डब्यात. रक्ताचा कापूस पिवळ्यात, आयव्ही सेट आणि ग्लोव्ह्ज लाल पिशवीत, काच निळ्या खुणेच्या खोक्यात. २०१६ च्या नियमांचं पोस्टर भिंतीवर असतंच. पोस्टर वाचून दाखवण्यापेक्षा कचऱ्याची पिशवी उघडून काय चुकलंय ते दाखवा.

पायरी ६: मार्क आणि सह्या

हे थोडक्यात. लॉग बुकवर, म्हणजे विद्यार्थ्याने केलेल्या प्रोसिजरच्या नोंदवहीवर, सेमिस्टरच्या शेवटी एका बैठकीत ऐंशी सह्या करू नका. त्याच दिवशी, प्रोसिजर बघितल्यावरच सही. प्रॅक्टिकलला मनातल्या मापाने नाही, लिहिलेल्या चेकलिस्टने मार्क द्या, आणि ती चेकलिस्ट मुलांना आधीच द्या. लपवण्यासारखं त्यात काही नाही. ऑस्की, म्हणजे प्रत्येक स्टेशनवर ठरावीक वेळात एक काम, ही पद्धत १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या डंडीहून पुढे आली आणि आता आपल्याकडेही रुळली आहे. पहिल्यांदा लावताना पाचच स्टेशन ठेवा, आणि आदल्या दिवशी एका सहकाऱ्याला विद्यार्थी करून सगळी फेरी मारून बघा. घंटा कोण वाजवणार हे ठरवायचं विसरू नका. हो, मी विसरले होते.

पायरी ७: तुमचं स्वतःचं

शिकवायला लागल्यावर हात गंजायला फार वेळ लागत नाही. नवा पंप येतो, नवा व्हेंटिलेटर येतो, आणि तुम्ही अजून जुन्याच मॉडेलवर लेक्चर देत असता. महिन्यातून एक पूर्ण ड्यूटी वॉर्डात करा, विद्यार्थ्यांशिवाय. प्राचार्यांना लेखी विचारा, बहुतेक जण नाही म्हणत नाहीत, कारण तुम्ही काही मागत नाही आहात.

दुसरं, स्वतःचा तास मोबाइलवर रेकॉर्ड करून एकदा तरी ऐका. त्रास होईल. 'ओके?' हा शब्द मी पन्नास मिनिटांत किती वेळा म्हणते ते मोजायला घेतलं आणि साठाच्या पुढे सोडून दिलं. महिनाअखेरीस मुलांना कोऱ्या चिठ्ठ्या वाटा, नाव लिहायचं नाही, तीनच प्रश्न: काय कळलं, काय नाही कळलं, मी काय बंद करावं. तिसऱ्या प्रश्नावर मला एकदा उत्तर आलं होतं, "मॅम, तुम्ही फळ्याशी बोलता." त्यानंतर मी फळा तासाच्या आधीच लिहून ठेवते.

नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी, आणि परिषदेच्या निकषाप्रमाणे त्या काळात १५० तासांचं निरंतर शिक्षण, म्हणजे वर्षाला ३०. पाचव्या वर्षी धावपळ करत मिळेल त्या वेबिनारला बसणारे आपल्यात खूप आहेत. त्याऐवजी वर्षाला एक विषय धरा. या वर्षी जखमेची काळजी, पुढच्या वर्षी विद्यार्थ्यांचं मूल्यमापन. सर्टिफिकेट मिळालं त्याच दिवशी स्कॅन करून मेलवर स्वतःला पाठवा.

एम.एस्सी. करायचीच असेल तर विषय निवडताना 'कशात जागा जास्त' हे जरूर बघा, पण कोणत्या वॉर्डात तुमचे पाय आपोआप वळतात तेही बघा. मेडिकल-सर्जिकल, बालरोग, प्रसूती-स्त्रीरोग, मानसिक आरोग्य, सामाजिक आरोग्य: पुढची पंचवीस वर्षं त्याच बेडपाशी उभं राहायचं आहे. क्रिटिकल केअरमध्ये नर्स प्रॅक्टिशनरचा निवासी अभ्यासक्रमही आहे, ज्यांना वर्गासाठी आयसीयू सोडवत नाही त्यांनी तो बघावा. प्रबंधाचा विषय शोधायला गुगलवर जाऊ नका. वॉर्डात ज्या गोष्टीने तुम्ही वर्षभर वैतागलात ती उचला. माझ्या एका मैत्रिणीने कॅथेटरची पिशवी बेडपेक्षा वर टांगलेली किती वेळा दिसते एवढंच तीन महिने मोजलं. तेवढ्या नोंदींवर तिचा विषय ठरला, आणि वॉर्डातल्या पिशव्याही खाली आल्या.

सोमवारी पहिला तास असेल तर रविवारी रात्री पीपीटीला हात लावू नका. घरातल्या कुणाला तरी खुर्चीत बसवा, बीपी यंत्र काढा, आणि ते सांगतील तेवढंच करा. माझ्या सासूबाईंनी पहिल्याच वाक्यात मला अडवलं होतं: "आधी हात कुठे ठेवू ते तर सांग."